हाय-हॅटचा रोल नुसता ग्रिड भरून होत नाही

नमस्कार. हाय-हॅटच्या रोलवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजेच्या झपाझप ठोक्यांच्या मालिकेवर, मी लिहिलेल्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. संगणकावर बत्तिसाव्याचा ग्रिड (एका आवर्तनाचे बत्तीस सारखे चौकोन) लावून चौकोन भरले की रोल तयार, त्यात कलाकारी कसली, हा पहिला. आणि सोलापुरात मिरवणुकीच्या डीजेवर व्हेलॉसिटीचा, म्हणजे ठोक्याच्या जोराचा, फरक कुणाला ऐकू येतो, हा दुसरा. हलगीवाल्याच्या मनगटाची सर याला येणार नाही, असंही लिहिलंत. मनगटाचं अगदी मान्य, आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

हलगीवर जाड टिपरू आणि बारीक काडी यांचे ठोके कधीच सारखे पडत नाहीत. कितीही कडकडाट असो, कुठला ठोका ताल पुढे रेटतोय आणि कुठला नुसता भरतोय हे कळतं. ग्रिड भरला की मात्र एकच सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, एकाच जोराने वाजत राहतं. मूळ यंत्रातसुद्धा असं नव्हतं. रोलंडच्या 1980 च्या टीआर-808 या ड्रम मशीनमध्ये हाय-हॅटचा आवाज सहा ऑसिलेटरांतून (कंपनं तयार करणाऱ्या सर्किटांतून) यायचा. ते अखंड चालू असत, म्हणून प्रत्येक ठोका किंचित वेगळा निघायचा. आपल्याकडे असतं ते त्यातल्या एका ठोक्याचं रेकॉर्डिंग. तेच लागोपाठ आठ वेळा आलं की कानाला टोचतं.

आता वेगाचं बघा. 140 बीपीएमला (मिनिटाला 140 मात्रा) आवर्तनाचा सोळावा भाग 107 मिलिसेकंदांचा, बत्तिसावा साधारण 54 चा, चौसष्टावा 27 चा. चौसष्टाव्यात सेकंदाला 37 ठोके होतात. तिथे ते सुटे ऐकू येईनासे होतात आणि गुरगुर सुरू होते. ती हवी असेल तर पिच चढवत न्या, मस्त वाटतं. बत्तिसाव्यात मात्र कान अजून प्रत्येक ठोक्याचा जोर पकडतो. तिथे मी व्हेलॉसिटी 45 पासून 105 पर्यंत चढवतो आणि आवाजाची चमक कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरलाही तीच जोडतो, कारण खऱ्या हॅटवर हलक्या ठोक्याचा आवाज लहान असतो तसाच कमी चमकदारही असतो. डिके, म्हणजे ठोका विरायला लागणारा वेळ, 50 मिलिसेकंदांच्या आत ठेवा, नाहीतर ठोके एकमेकांवर चढून नुसतं ‘स्स्स’ उरतं. आणि रोल स्नेअर ड्रमच्या ठोक्यापाशी जाऊन पोचला पाहिजे. प्रत्येक आवर्तनात टाकलात तर त्याची वाटच कुणी बघणार नाही.

मिरवणुकीचं म्हणाल, तर स्पीकरच्या भिंतीसमोर सपाट रोल जास्तच बोचतो, कारण हॉर्नमधून तो थेट कानावर येतो. शिवाय तेच गाणं पोरं नंतर मोबाईलवर ऐकतात. त्या स्पीकरवर 50 हर्ट्झचा बास जवळपास नाहीसा होतो, हॅट मात्र स्वच्छ वाजतो. मग मेहनत कशावर घ्यायची?

तुमच्या ओळखीत हलगीवाले आहेत म्हणालात. त्यांचा एखादा कडकडाट रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) उघडा, शिखरांच्या उंचीप्रमाणे पियानो रोलमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या ठोके भरायच्या ग्रिडमध्ये) व्हेलॉसिटी लावा आणि तुमच्या सपाट रोलशेजारी वाजवून बघा. फाईल मला पाठवलीत, तर पुढचा बीट मी त्यावरच बांधीन.