मंकचे सूर चुकलेले नाहीत : एका पेटीवादक वाचकास उत्तर

सप्रेम नमस्कार.

थेलोनियस मंक या अमेरिकन जॅझ पियानोवादकावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तीन-चार वेळा वाचली. तीस वर्षं पेटीची साथ केलेला माणूस इतक्या पोटतिडकीनं लिहितो, तेव्हा 'तुमच्या मताचा आदर आहे' असं म्हणून त्याला वाटेला लावणं मला बरं वाटेना. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. मंकचा पियानो बेसूर आहे, बोटं ताठ, हात तयार नाही. ही उणीव झाकायला त्याला 'प्रतिभावंत' ठरवलं गेलं. लोक भुलले ते त्याच्या तऱ्हेतऱ्हेच्या टोप्यांना आणि स्टेजवरच्या नाचाला. त्याच साठ-सत्तर रचना तो आयुष्यभर घोळवत बसला. घर बायकोनं चालवलं, शेवटी एका श्रीमंत बाईनं सांभाळलं, आणि मी मात्र त्या बायकोला एका वाक्यात उरकलं.

शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, त्याच्याकडे येतेच. पण तुमचा खरा राग सुरांवर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तुमची प्रतिक्रिया वाचली त्या रात्री मी आजोबांची पेटी खाली काढली. भाता जरा गळतो, पण वाजते. तुम्हीही हे करून बघा. पांढरी एकचा सा धरा. आता कोमल गंधाराची काळी आणि शुद्ध गंधाराची पांढरी एकदम दाबा. किरकिर होते, दोन सूर एकमेकांवर घासतात. क्षणभर तसंच ठेवा आणि मग फक्त काळी सोडा, पांढरी दाबलेलीच राहू दे. कानाला काय वाटतं? गंधार खालून सरकत वर येऊन बसल्यासारखा वाटतो. पट्टीवर मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाता येत नाही, तरी मींडेचा भास होतो. मंक नेमकं हेच करतो. ब्लूज या आफ्रिकन-अमेरिकन गाण्यातला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो. गाणारा तो गळ्यातून काढतो, ट्रम्पेटवाला ओठांनी काढतो. पियानोवर ती जागाच नाही. मग मंक शेजारच्या दोन पट्ट्या एकदम वाजवतो, कधी एक सोडून देतो, कधी दोन्ही तशाच घुमू देतो. त्याचं बोट घसरलेलं नसतं. पियानोत नसलेला सूर तो पियानोतून काढायला बघत असतो.

हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? पेटीवरही हाच आरोप होता. श्रुती नाहीत, मींड नाही, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला दार बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला १९७१ साल उजाडलं. तेवढ्या काळात महाराष्ट्रातल्या पेटीवाल्यांनी काय केलं? भात्याचा दाब, बोटांचं सरकणं, एक सूर सुटायच्या आत दुसरा धरणं, या सगळ्यातून गळ्याच्या जवळ जायची वाट काढली. तुम्हीही तीस वर्षं तेच करत आला आहात. मंकनं वेगळ्या वाद्यावर, वेगळ्या गावात तेच केलं. म्हणून तुम्हीच त्याला बेसूर म्हणावं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता 'हात तयार नाही' याबद्दल. मंकचा जन्म १० ऑक्टोबर १९१७ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटचा. १९२२ मध्ये आई तीन मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि पश्चिम ६३ व्या रस्त्यावर बिऱ्हाड थाटलं. लहानपणी त्याला सायमन वुल्फ नावाचे शिक्षक मिळाले, त्यांच्याकडे तो शोपॅं, बाख, बीथोव्हन असं सगळं वाजवायला शिकला. किशोरवयात एका धर्मप्रचारक बाईबरोबर जवळजवळ दोन वर्षं गावोगाव हिंडून प्रार्थनेच्या गाण्यांना साथ केली. साथ म्हणजे काय असते, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या फिरतीत कॅन्सस सिटीला मेरी लू विल्यम्स या थोर पियानोवादिकेनं त्याला ऐकलं, आणि पुढे तिनंच सांगून ठेवलंय की तेव्हा हा मुलगा भरपूर तंत्र दाखवत वाजवायचा. म्हणजे हात तयार होता. पुढे त्यानं त्यातलं बरंच काही विचार करून टाकून दिलं. जे टाकलं ते जमत नव्हतं म्हणून टाकलं, असं समजणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

बोटं ताठ ठेवायचा, हे खरं. पण त्या ताठ बोटांनी पट्टीवर जो आघात येतो तो ऐका. प्रत्येक सुराला वजन आहे, काठ आहे. आणि तो थांबतो किती! १९६० साली सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी काही आठवडे त्याच्या बरोबर वाजवत होता. मंकनं त्याला जे जे सांगितलं ते त्यानं कागदावर टिपून ठेवलं. त्यात एक गोष्ट अशी, की सगळंच वाजवायचं नसतं, काही सोडून द्यायचं असतं. आणखी एक : तू तबलजी नाहीस म्हणून ताल सांभाळायचं काम तुझं नाही, असं समजू नकोस. (मूळ शब्द ड्रमरचा आहे, तबलजी माझा.) गायकाच्या मागे पेटीवर बसून प्रत्येक जागा भरून काढणारे साथीदार तुम्ही पाहिले असतील. मंकचा धडा त्यांच्या कामाचा आहे.

तालमीचा अभाव म्हणता, तर तुम्ही एक ध्वनिमुद्रण ऐकाच. एप्रिल १९५७ मध्ये स्टुडिओत मंक एकटा 'राउंड मिडनाइट' बसवत होता. ती रचना त्याचीच, निदान तेरा वर्षं जुनी. सगळी टेप चालू राहिली आणि पुढे प्रसिद्धही झाली, साधारण बावीस मिनिटांची. माणूस वाजवतो, अडतो, थांबतो, पुन्हा तिथूनच उचलतो, तीच जागा वेगळ्या सुरांनी बघतो, पुन्हा मागे येतो. स्वतःचीच तेरा वर्षांची चीज तो नव्यानं तपासतोय. मला तर खोलीचं दार किलकिलं करून एखाद्या बुवांचा सकाळचा रियाज ऐकल्यासारखं वाटलं.

आणि त्याचा एकल वादनाचा भाग 'आपोआप सुचलेला गोंधळ' आहे, हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. १९५२ मध्ये त्यानं तिघांच्या संचात 'लिटल रूटी टूटी' ही मुलाच्या लाडक्या नावावरून केलेली रचना वाजवली. सात वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९५९ ला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये दहा जणांचा वाद्यवृंद घेऊन तो बसला. त्यासाठी संगीतकार हॉल ओव्हरटन यांनी मंकचं तेच एकल वादन स्वरबद्ध करून घेतलं आणि सात फुंकवाद्यांना वाटून दिलं. त्यात ट्यूबासारखं अवजड वाद्यसुद्धा होतं. गोंधळ असता तर सात माणसांना तो एकसाथ वाजवता आला असता का? ते ऐकताना कळतं की प्रत्येक 'वाकडा' सूर जागच्या जागी आहे.

आता त्याच त्याच साठ-सत्तर रचना. खरं आहे, त्याच्या रचना सत्तरच्या आसपासच. पण हा आक्षेप आपल्याकडच्या माणसानं घ्यावा? एकच बंदिश चाळीस वर्षं गाणाऱ्या बुवांना आपण कधी 'नवीन काही नाही का' असं विचारतो? उलट, या वयात ती कशी उमलली ते ऐकायला जातो. बरं, या रचना सोप्या नाहीत. 'ब्रिलियंट कॉर्नर्स' घ्या, १९५६ ची. आठ, सात आणि सात अशा बावीस मात्राखंडांचं आवर्तन, आणि दर दुसऱ्या आवर्तनाला लय दुप्पट. सॉनी रॉलिन्स, मॅक्स रोच, ऑस्कर पेटिफर्ड असे दिग्गज होते, तरी पंचवीस वेळा वाजवूनही एक अखंड मनासारखं झालं नाही. शेवटी निर्माता ऑरिन कीपन्यूज यांनी तुकडे जोडून ते पूर्ण केलं. त्यात अर्नी हेन्री या ऑल्टो सॅक्सोफोनवाल्याची फार ओढाताण होत होती. त्याच्या वादनाच्या वेळी मंक पियानोवरून हात काढून गप्प बसला, पोराचा गोंधळ उडू नये म्हणून. विक्षिप्त, आत्ममग्न म्हणून ज्याची ख्याती, त्याचा हा साथीदारपणा मला फार मोठा वाटतो.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचंही तसंच. १९५७ मध्ये तो सकाळी मंकच्या घरी जायचा, त्याला झोपेतून उठवायचा. मंक पियानोवर बसून एकेक रचना वाजवून दाखवायचा, न जमलेली जागा पुन्हा पुन्हा. कधी सबंध दिवसात एकच चीज पदरात पडायची. ही गुरुमुखी विद्या नाही तर दुसरं काय? कोल्ट्रेन सांगायचा, मंकबरोबर जरा बेसावध झालात की लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्यात पाऊल टाकल्यासारखं होतं. सम कुठे आहे याचं भान मंकला होतं, म्हणून तर दुसऱ्याची चुकायची. त्या दोघांचं २९ नोव्हेंबर १९५७ चं कार्नेगी हॉलमधलं वादन सत्तेचाळीस वर्षं पेटाऱ्यात पडून होतं. २००५ मध्ये ती टेप वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली.

टोप्या आणि नाच. इथे चूक माझी आहे. माझ्या लेखाची सुरुवातच मी टोपीपासून केली होती. ते चुकलंच. मंकच्या आयुष्याचं 'वेडा प्रतिभावंत' असं चित्र काढलं की चाहते टाळ्या वाजवतात, न आवडणारे नाक मुरडतात, आणि त्याचं काम दोघांच्याही नजरेआड होतं. त्याला पुढे मनोविकाराचा त्रास झाला, रुग्णालयात राहावं लागलं. ते दुखणं होतं, शैली नव्हती.

शिवाय त्या चित्रात पोलिसांचा परवाना कुठेच दिसत नाही. १९४० ते १९६७ या काळात न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा ठिकाणी वाजवायचं तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावं लागे, बोटांचे ठसे देऊन. १९५१ मध्ये मंक मित्र बड पॉवेलबरोबर गाडीत बसलेला असताना पोलिसांना अमली पदार्थ सापडले. माल मंकचा नव्हता. मित्राचं नाव त्यानं घेतलं नाही. साठ दिवस तुरुंग झाला आणि कार्ड गेलं. जॅझच्या राजधानीत, ऐन उमेदीत, चौतिसाव्या वर्षी त्याच्या रोजीरोटीची दारं बंद झाली, ती १९५७ पर्यंत. मधल्या काळात त्याची किंमत किती उरली होती पाहा : १९५५ मध्ये रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीनं त्याला आधीच्या कंपनीकडून सोडवून घेतलं, ते जेमतेम १०८ डॉलर भरून. कार्ड परत मिळालं, नाव झालं, आणि १९५८ मध्ये डेलावेअरमध्ये वाटेत पाणी मागायला एका मोटेलात शिरला तेव्हा पोलिसांनी त्याला मारहाण केली. हातांवर मारलं. पियानोवाल्याच्या हातांवर. कार्ड पुन्हा गेलं. 'घर बायकोनं चालवलं' हे वाक्य लिहिताना या वर्षांचा हिशेब त्यात धरायला हवा.

आणि आता नेली, मंकची बायको. तुम्ही म्हणता तेच बरोबर. त्या बंद वर्षांत तिनं शिवणकाम केलं, मिळेल ती नोकरी केली, दोन मुलं वाढवली, नवऱ्याचे कपडे, कागदपत्रं, पैसे, औषधं, दौरे सगळं सांभाळलं. मंक काम करत नव्हता असं नाही, तो घरी रचना करत होता. पण ते काम तिच्या कष्टांवर उभं होतं, आणि मी लेखात ते एका ओळीत उरकलं. त्याबद्दल तुमची आणि सगळ्या वाचकांची मनापासून माफी मागते. लेखात आज भर घातली आहे.

मंकनं मात्र तिला एका ओळीत उरकलं नाही. १९५७ च्या मे महिन्यात नेलीच्या थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली. ती दवाखान्यात असताना तो एका रचनेवर बसला, आणि ती पुरी व्हायला जवळजवळ महिना गेला. 'क्रेपस्क्युल विथ नेली', म्हणजे नेलीसोबतची सांजवेळ. या रचनेत तो कधीच उपज करत नसे. जसं लिहिलं तसं, सूर न सूर, प्रत्येक मैफलीत. जो माणूस प्रत्येक चीज उलटीपालटी करून बघायचा, त्यानं या एकीला हात लावला नाही.

श्रीमंत बाई म्हणजे पॅनोनिका, युरोपातल्या रॉथशील्ड या बड्या बँकर घराण्यातली. डेलावेअरला तीही गाडीत होती. तेव्हा गाडीत सापडलेल्या गांजाची जबाबदारी तिनं स्वतःवर घेतली, तीन वर्षांची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती सुटली. तिचा हा मोठेपणा मंकचा कमीपणा कसा ठरतो, ते मला कळलं नाही. शेवटची वर्षं तो न्यू जर्सीतल्या वीहॉकनला तिच्या घरी राहिला. घरात पियानो होता, तो वाजवत नव्हता. १७ फेब्रुवारी १९८२ ला गेला.

तुम्ही लिहिलंत, 'पटवून द्या, मग ऐकेन.' मी उलट विनंती करते. आधी 'क्रेपस्क्युल विथ नेली' ऐका, रात्री, घर निजल्यावर. मग पेटी घ्या आणि तो गंधार करून बघा. तुमच्या पेटीच्या सूरपट्ट्या माझ्यापेक्षा नक्कीच चांगल्या असतील. गंधार सरकला का, तेवढं मला कळवा.