थांबायची सवय करून घ्या

तुमची बदली बेळगावला झाली म्हणे. अभिनंदन! पुण्यातले मित्र सांगतील, हवा छान आहे, माणसं गोड आहेत, घरभाडं परवडतं. सगळं खरं आहे, पण त्यातलं काहीच तुम्हाला कष्टानं मिळवायचं नाही. हवा खिडकी उघडली की आपोआप येते. इथं नांदायचं असेल तर एकच विद्या अंगी बाणवावी लागते, ती म्हणजे थांबणं. आम्ही ती पाळण्यातच शिकलो. तुम्हाला थोराड वयात शिकायची आहे, म्हणून हा उपदेश. पैसे पडत नाहीत, घ्या.

प्राथमिक धडे टिळकवाडीत मिळतात. तिथं पत्ता सांगायची रीतच रेल्वेचं पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट अशी आहे. तिसऱ्यावर आता उड्डाणपूल झाला, त्यामुळं तिथं शिकण्यासारखं फारसं उरलं नाही. तुम्ही दुसऱ्या गेटावर जा. वेळ सकाळी साडेनऊची निवडा, म्हणजे शाळा, कॉलेज, ऑफिस आणि दूधवाला हे चारही एकदम भेटतील. घंटा वाजली, दांडा खाली यायला लागला की शहाणा माणूस थांबतो. तुम्ही थांबू नका. स्कूटर वाकडी करून, मान खांद्यात घालून निघा. आधी आरसा आत वळवून घ्या, तो गेला तर तीनशे रुपये जातात. जमलं नाही तर मागं सरकायचं नाही. उजव्या बाजूनं, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या वाटेवरून, पार दांड्याला चाक टेकेपर्यंत पुढं यायचं. तुमच्या मागं आणखी दहाजण तसेच येतील. पलीकडचेही अगदी हेच करत असतात, कारण तेही आमचेच.

मग गाडीची वाट बघायची. इंजिन बंद करू नका, ते हलकेपणाचं लक्षण समजलं जातं. शेजारी हमखास एक काका असतात. त्यांना विचारा, "कुठली गाडी म्हणायची ही?" ते घड्याळाकडं न बघता सांगतील, "वास्को-निजामुद्दीन असल. लेट हाय खरं आज." निघते मालगाडी. डबे मोजायला सुरुवात करा, लहान पोरं मोजतातच. शेवटचा डबा गेला की सगळे गिअर टाकतात, आणि दांडा जागचा हलत नाही. मिरज-लोंढा मार्ग दुहेरी झाल्यापासून हे सुख दुप्पट झालं आहे, कारण आता समोरूनही गाडी येऊ शकते. "थांबा की वो, दुसरी हाय," असं काका म्हणाले की समजा, तुम्ही ह्या गावात आलात.

शेवटी दांडा वर जातो. दोन्हीकडच्या फौजा एकाच वेळी रुळांवर उतरतात आणि बरोबर मध्यावर समोरासमोर येऊन ठप्प होतात. दोघांचंही म्हणणं रास्त असतं, दोघेही हॉर्न वाजवत असतात, आणि मागं कुणीच हटत नाही. सीमाभागाचा इतिहास अभ्यासायला जाड पुस्तकं आणायची गरज नाही, हे दृश्य नीट बघा.

मध्यम परीक्षा पाण्याची. घर बघायला जाल तेव्हा मालक स्वयंपाकघर दाखवेल, देवघर दाखवेल, गच्चीवरून राजहंसगड दिसतो हेही सांगेल. तुम्ही न्हाणीघरातले बॅरल मोजा. घरात माणसं किती आणि बॅरल किती, ह्यावरून गल्लीला पाणी किती दिवसांनी येतं ते बिनचूक कळतं. शहराला राकसकोप आणि हिडकल अशा दोन-दोन धरणांचं पाणी आहे, पाऊस म्हणाल तर जुलैमध्ये छत्री वाळत नाही, तेव्हा पाणी कमी आहे असा गैरसमज नको. पाणी आहे. ते फक्त नळात नाही. ते बळ्ळारी नाल्यात आहे, नाल्यातून शहापूर-येळ्ळूरच्या भाताच्या शेतात आहे, रोप कुजेपर्यंत तिथंच आहे. नाल्याची सफाई करायची हे दर पावसाळ्यात ठरतं, आणि ठरलेलं आहे म्हटल्यावर पुन्हा करायची काय गरज?

तर, ओळख वाढवायची असेल तर नगरसेवकाशी वाढवू नका, पाणी सोडायला येतो त्याच्याशी वाढवा. हातात लांब लोखंडी चावी, मागं सायकल, खिशात मोबाईल, असा तो दिसतो. त्याला चहा द्या, पोराची बारावी कशी गेली ते विचारा. तो "उद्या पहाटे" म्हणाला तर परवा रात्री असं धरून चाला आणि तरीही पहाटे उठा. पाण्यासाठी सुट्टी टाकताना कारण 'घरगुती' असं लिहावं, साहेबही त्याच गल्लीतला असल्यास काहीच लिहू नये.

काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी गावाची बदनामी करतो. तिथल्या घरांचं भाडं जास्त, स्थळांना मागणी जास्त. गंमत म्हणजे त्या घरांतही माजघरात एक बॅरल काठोकाठ भरून ठेवलेला असतो, वर स्टीलचं झाकण, झाकणावर तांब्या. इतकी वर्षं अखंड पाणी आलं म्हणून सासूबाईंनी विश्वास ठेवायचा काय?

रस्त्यांबद्दल थोडक्यात. २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांच्या यादीत बेळगावचं नाव आलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. मग रस्ते खोदले. मग बांधले. मग पाईप घालायची राहिली आहे हे आठवलं. तुमच्या दारातला खड्डा बुजला नाही म्हणून तक्रार करू नका. बुजवला की दुसऱ्या खात्याचे लोक येतात.

बाजारात मात्र घाई करा, आणि कन्नड येत नाही म्हणून घाबरू नका. नवीन माणूस मोबाईलवर चार वाक्यं पाठ करून गणपत गल्लीत येतो, टोपलीसमोर उकिडवा बसतो आणि म्हणतो, "यष्ट री?" भाजीवाली कडोलीची असते. ती त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळते आणि म्हणते, "वीसला पाव किलो, घेतोस काय सांग." दुसऱ्या दिवशी तो मराठीत भाव विचारतो, तेव्हा समोर कानडी बोलणारे बैलहोंगलचे अण्णा असतात. ठोकताळा असा: भाव कुठल्याही भाषेत विचारा, घासाघीस समोरच्याच्या भाषेत करा, आणि भांडण हिंदीत. हिंदीत भांडलं की कुणाच्या अस्मितेला धक्का लागत नाही. रविवारी बाजारात गोव्याच्या पाटीच्या मोटारी दिसतील, त्यांच्यामागं उभे राहू नका. ते चोर्ला घाटातून आठवड्याची भाजी न्यायला येतात, भाव करत नाहीत, त्यामुळं भाव तुमच्यावर येतो.

बसच्या पाट्या कन्नडात असतात. वाचता येत नसेल तर शिका, चांगली गोष्ट आहे. तोवर कंडक्टरमामांना विचारा. "वडगाव जातंय काय?" एवढंच. ते "हत्री, हत्री" म्हणाले की चढा. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. त्यामुळं आमच्याकडं नवरे मागच्या दारात लोंबकळतात आणि तिकीट काढतात, बायका बसतात आणि काढत नाहीत. शेकडो वर्षांचा हिशेब चुकता होतो आहे, मध्ये पडू नका. महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. झालं! आमच्या गल्लीतल्या एका आजींनी दोन्ही राज्यांची धोरणं आठवड्याभरात पचवली. कोल्हापूरला लेकीकडं जायचं तर निपाणीपर्यंत कर्नाटकाची गाडी, आधार कार्ड दाखवून शून्य रुपयाचं तिकीट. तिथून एसटी, हद्दीपर्यंत पुरं आणि पुढं अर्धं. निपाणीच्या स्टँडवर तासभर बसावं लागतं, तर घरून आणलेली दशमी खातात. सीमाप्रश्नासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाला जवळजवळ वर्ष लागलं, आणि त्याचा अहवाल कर्नाटकानं मानला, महाराष्ट्रानं फेटाळला. आजींना एक आठवडा पुरला.

अधूनमधून हद्दीवर काहीतरी होतं, कुणाच्या गाडीला काळं फासतात, कुणाच्या काचा फुटतात, आणि दोन्हीकडच्या बसेस थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये असंच झालं होतं. तेव्हा टीव्हीवर बेळगाव पेटलेलं दिसेल. पुण्याहून आईचा फोन येईल. तुम्ही खिडकीत उभे राहून चहा पीत असाल, खाली पोरं क्रिकेट खेळत असतील. आईला पेटलंय असंच सांगा. "काही नाही झालं" म्हटलं की तिला जास्त काळजी वाटते.

नोव्हेंबरची पहिली तारीख मात्र जपून. त्या दिवशी कपाट उघडताना विचार करा. एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे आणि कानठळ्या बसवणारा डीजे. दुसरीकडं बेळगाव त्या राज्यात घातल्याचा १९५६ पासूनचा निषेध, काळा दिवस, सायकल फेरी. काळा शर्ट घातला तर तुम्ही कार्यकर्ते, पिवळा घातला तर तुम्ही फितूर. इस्त्रीवाल्यानं नेमका काळाच शर्ट परत केला हे कारण कुणी ऐकून घेत नाही. राखाडी घाला. नाहीतर आमचे शेजारी करतात तसं करा, आदल्या रात्री बायकोपोरांना घेऊन गोव्याला जा आणि दोन तारखेला येऊन दोन्हीकडच्यांना "यंदा गर्दी किती होती म्हणायची?" असं आस्थेनं विचारा.

डिसेंबरात सरकार येतं. हलग्याजवळ हमरस्त्यालगत सुवर्ण विधानसौध आहे, २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं, इमारत देखणी आहे, शंकाच नाही. वर्षातले दोनएक आठवडे तिथं अधिवेशन भरतं, बाकी वेळ ती वाट बघते, म्हणून मला तिच्याबद्दल आपुलकी वाटते. पंधरवडाभर लॉजला खोली मिळत नाही, तेव्हा घरात लग्न असेल तर मुहूर्त पुढं ढकला. रस्त्याचं मात्र सोनं होतं. ज्या वाटेनं मंत्री जाणार तिच्यावर रातोरात डांबर पडतं, दुभाजक रंगतात, कुंड्या उगवतात. तुमच्या गल्लीचं भलं व्हावं असं मनापासून वाटत असेल तर मोर्चा काढू नका, निवेदन देऊ नका. एखाद्या मंत्र्याची मावसबहीण तुमच्याच बोळात राहते अशी कुजबुज नोव्हेंबरातच सुरू करून द्या.

आणि आता पदव्युत्तर. कट्ट्यावर सकाळी पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांना भेटा. महाराष्ट्राने २००४ मध्ये सीमाभागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्याची तारीख ह्यांना तोंडपाठ असते, मागची आणि पुढची दोन्ही. ह्यांच्या वडिलांनी थांबायला सुरुवात केली, ह्यांनी ते चालू ठेवलं. "तारीख पडली काय?" "पडली की. पुढं गेली." एवढ्या दोन वाक्यांवर कट्टा तासभर चालतो. त्यांना हसू नका. गटारावरचं झाकण गेली दोन वर्षं नाही, त्यात एकाचा पाय गेला होता, हे तिथंच, त्याच कट्ट्यावर बसून मला सांगितलं, आणि झाकणाचं काय केलं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी आभाळातून पडलो आहे. एवढा मोठा प्रश्न लोंबकळत असताना झाकण मागायचं? झाकण मागितलं तर ते ज्या सरकारकडं मागायचं ते आपलं मानल्यासारखं होतं. निकाल लागला की झाकणही बसेल. तोवर त्या जागी झाडाची फांदी रोवून ठेवली आहे. रात्री येताना सांभाळून या.

ह्या मुद्द्यावर मला आणखी बोलायचं होतं, पण त्याच कट्ट्यावर मलाही बसायचं असतं.

वर्षभरात तुम्ही तयार व्हाल. खूण अशी की कुणी पाचला येतो म्हणालं तर तुम्ही साडेपाचला दूध तापत ठेवाल. मग तुम्हाला प्रत्यक्ष कामगिरी मिळेल. शनिवारी रात्रीच्या बसनं पुण्याला निघालात हे कसं कोण जाणे गल्लीला कळतं, आणि संध्याकाळी पिशव्या यायला लागतात. आमची पोरं सगळी तिकडं नोकरीला, इथं उरले आई-बाप. एका पिशवीत दोन किलो बेळगावी बासमती, एकीत कुंद्याचे डबे, एकीत घडी घालून कागदात बांधलेले मांडे, ते मोडायचे नाहीत म्हणून मांडीवर घेऊन बसायचं. "त्याला तिकडलं तांदूळ सोसत न्हाई वो," असं काकू सांगतील. पोरगं न्यायला येणार आहे, काही काळजी नको, असंही सांगतील. पहाटे साडेचारला वाकडच्या पुलाखाली उतरा. पिशव्या पायाशी, मांडे हातात. फोन लावा, पोरगं उचलणार नाही. तीनदा लावा. मग काकूंना बेळगावला लावा, त्या जाग्याच असतात, पाणी यायचं असतं.

"निघालंय की वो ते," त्या म्हणतील. "आत्ता बोललंय माझ्याशी. जरा थांबा की तिथंच."