‘जिवाशी खेळ’ म्हणणाऱ्या वाचकास

काँक्रीटमध्ये थोड्या सिमेंटऐवजी भाताच्या तुसाची राख घालण्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही चार आक्षेप घेतलेत: पाणी जास्त लागतं, राखेचा दर्जा सारखा मिळत नाही, सुरुवातीची ताकद सावकाश येते, आणि ‘चुलीतली राख सिमेंटमध्ये कालवायला शिकवणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ’. पाण्याचं मान्य. राखेचे कण सच्छिद्र, ते पाणी पितात. प्लास्टिसायझर, म्हणजे जादा पाणी न घालता काँक्रीट सैल ठेवणारं रसायन, लागतो हे लिहायचं राहिलं होतं, आता भर घातली आहे.

पण ते शेवटचं वाक्य! चुलीतली राख वापरा, असं मी कुठे लिहिलंय? निम्मा लेख तूस कसं जाळायचं यावरच आहे. साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आत, नियंत्रण ठेवून जाळलं तर राखेतली सिलिका अस्फटिक राहते. सिमेंट भिजल्यावर सुटणारा चुना ती धरते आणि काँक्रीटला बांधून ठेवणारा जेल आणखी तयार होतो. आच फार वाढली की सिलिकेचे स्फटिक होतात, मग ती फारशी कामाची उरत नाही. अर्धवट जळलं तर कार्बन राहतो. चुलीवर यातलं काय सांभाळता येतं? म्हणूनच चुलीचं नावही मी घेतलं नव्हतं, ते तुम्ही घेतलंत. रोमनांनी ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून बंदरं बांधली. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात पी. के. मेहता यांनी तुसाच्या राखेवर संशोधन केलं. त्यांनाही हेच सुनावणार का?

मी अकरा वर्षं क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, फोडतोय. एका कामावर काळीकुट्ट, भरड राख आली. २८ दिवसांचे क्यूब नापास झाले, मी अहवालावर सही केली नाही आणि ते काम माझ्या हातून गेलं. त्याच गिरणीचं तूस पुढे नीट जाळून, बारीक दळून, सिमेंटच्या १० टक्के जागी घातलं, तेव्हा क्यूब पास झाले. जिवाशी खेळ कशाला म्हणतात हे मला कुणी शिकवायला नको, निदान टोपणनावाआडून तरी नको.

दर्जाचं म्हणाल तर फ्लाय ॲशचाही, म्हणजे वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेचाही, प्रत्येक लॉट वेगळा निघतो, म्हणून तर चाचणी करतात. त्यात नवीन काय सांगितलंत? आणि सुरुवातीच्या ताकदीसाठी सात दिवसांचे आकडे लेखाच्या शेवटी तक्त्यात दिलेत. तिथपर्यंत वाचून मग लिहा, मी उत्तर देईन.