मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. पांढरा कांदा, आले आणि लिंबू यांच्या रसात मध मिसळून रोज दोन थेंब डोळ्यांत घातल्यास मोतीबिंदू विरघळतो. तो पिकण्याआधी ऑपरेशन करू नये, उन्हाळ्यात तर मुळीच नको. आत बसवलेली लेन्स काही वर्षांनी खराब होते. आणि सरकारी शिबिरात तपासणारा डॉक्टरच नसतो, असा त्याचा मजकूर आहे. मंगळवेढ्याच्या माझ्या आत्याने तो वाचून ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि हे मिश्रण बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवले. मी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे, त्यामुळे या संदेशाला उत्तर देणे मला भाग आहे.

आधी थेंबांचे पाहू, कारण सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. डोळ्याच्या अगदी पुढे पारपटल असते, त्यामागे पाण्यासारखा द्रव, मग रंगीत बुबुळ आणि त्याच्या मधोमध बाहुली. मोतीबिंदू होतो तो बाहुलीच्याही मागे, स्वतःच्या पातळ पिशवीत बंद असलेल्या नैसर्गिक भिंगात. त्या भिंगातली प्रथिने वयोमानाने एकमेकांना चिकटून गढूळ होतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक जसा पुन्हा पारदर्शक होत नाही, तसेच हे आहे. कांद्याचा रस तिथवर पोहोचतच नाही. तो पोहोचतो पारपटलावर, ज्याची मध्यभागची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. लिंबाच्या आम्लाने त्यावरचा नाजूक थर सोलवटतो, घरच्या बाटलीतले जंतू त्या जखमेत शिरतात, व्रण होतो आणि तो भरला तरी मागे पांढरा डाग, म्हणजे फूल, राहते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा एका छोट्या शस्त्रक्रियेने परत येते. फूल मात्र बाहुलीसमोर पडले, तर अनेकदा नेत्रदानातून मिळणाऱ्या पारपटलाची वाट पाहावी लागते. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधील अंधत्वापैकी 66.2 टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले, तर पन्नाशीच्या आतल्या लोकांत पारपटलाचा पांढरेपणा हेच सर्वांत मोठे कारण निघाले. हा संदेश पहिल्या गटातल्या माणसांना स्वतःच्या हाताने दुसरा आजार ओढवून घ्यायला सांगतो.

"आमच्या आजोबांचा चष्मा या थेंबांनी सुटला" असे जे सांगितले जाते, त्यात एक अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करावे लागते. भिंगाचा गाभा कडक होऊ लागला की डोळ्याला उणे नंबर येतो आणि काही दिवस चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो. ते मोतीबिंदू वाढत असल्याचे लक्षण आहे. थेंब घातले नसते तरी तसेच झाले असते.

पिकण्याची वाट पाहणे ही जुन्या पद्धतीच्या काळातली गोष्ट आहे. आज भिंग ध्वनिलहरींनी फोडून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून काढतात आणि ते जितके कडक, तितके काढणे अवघड. फार पिकलेला मोतीबिंदू फुगून किंवा पाझरून डोळ्यातला दाब एकाएकी वाढवू शकतो. त्यात डोळ्याची नस कायमची निकामी होऊ शकते. एवढ्या लहान जखमेला सोलापूरचा उन्हाळा काही करत नाही.

लेन्सबद्दलचा मुद्दा थोडक्यात. ब्रिटिश नेत्रशल्यचिकित्सक हॅरोल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनमध्ये पहिली कृत्रिम लेन्स बसवली आणि आजच्या लेन्स सहसा आयुष्यभर टिकतात. काही जणांना नंतर पुन्हा अंधुक दिसते हे खरे, पण तेव्हा लेन्समागची पिशवी गढूळ झालेली असते आणि ती लेसरने काही मिनिटांत मोकळी करता येते.

राहिला शिबिराचा प्रश्न. तिथे प्राथमिक तपासणी माझ्यासारखे नेत्र चिकित्सा अधिकारी करतात आणि मी डॉक्टर नाही, हे खरे आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय नेत्रतज्ज्ञच घेतात आणि शस्त्रक्रियाही तेच करतात. पण त्याआधी सहा मीटरवरच्या तक्त्यावर नजर मोजणे, डोळ्याचा दाब पाहणे, अश्रूंचा मार्ग पाणी सोडून तपासणे, लेन्सच्या नंबरासाठी डोळ्याची लांबी मोजणे, ही कामे आमची असतात आणि त्यांचे रीतसर प्रशिक्षण आम्ही घेतलेले असते. एक साधी चाचणी सांगतो. एका डोळ्यावर हात ठेवून दुसऱ्यापुढे बारीक छिद्राची काळी चकती धरली आणि तक्त्यावरच्या खालच्या ओळी दिसू लागल्या, तर बहुधा प्रश्न चष्म्याच्या नंबराचा असतो. फरक पडला नाही, तर दोष आत असण्याची शक्यता धरून आम्ही रुग्णाला सिव्हिलमध्ये नेत्रतज्ज्ञांकडे पाठवतो. कोणाला ऑपरेशन नकोच, केवळ चष्मा हवा, हेही अनेकदा याच टप्प्यावर कळते.

शस्त्रक्रियेनंतर थेंब कसे घालायचे हेही आम्हीच दाखवतो: हात साबणाने धुऊन, बाटलीचे टोक पापणीला न लावता, दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवून. त्या दिवसांत डोळा लाल झाला, ठणकू लागला किंवा नजर कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यावे.