मिरजेच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुम्ही नाव दिलेलं नाही, फक्त ‘मिरजेहून, अठरा वर्षं व्हीलचेअरवर’ एवढंच लिहिलंय, म्हणून दादा म्हणते. दिव्यांगांच्या सर्फिंगवर, म्हणजे फळीवरून लाटेवर स्वार होण्यावर, मी लेख लिहिला आणि सोबत एका दिव्यांग बाईंचा फोटो टाकला. त्यावर तुमचे आक्षेप असे: धडधाकट माणसं अपंगाला लाटेत ढकलतात आणि पुण्य पदरी पडल्यासारखे फोटो काढतात, मणक्याची दुखापत असलेल्याला समुद्रात नेणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि जिथे बँकेची पायरी चढता येत नाही तिथे लाटांचं कौतुक कशाला. वर विचारलंत, ‘फोटो टाकण्याआधी त्या बाईंना विचारलं होतं का?’ त्यावर शेवटी येते.

धोक्याची तुमची काळजी रास्त आहे. संवेदना नसलेला पाय फळीवर घासून सोलवटला तरी कळत नाही. इजा मणक्यात वरच्या बाजूला असेल तर अंगातली ऊब टिकत नाही. म्हणून वेटसूट (ऊब धरून ठेवणारा रबरी पोशाख), मऊ फोमची फळी, आणि बाहेर आल्यावर आधी कातडी तपासायची. इथे ऑस्ट्रेलियात ‘डिसेबल्ड सर्फर्स असोसिएशन’ हे काम १९८६ पासून करते आहे. पाण्यात स्वयंसेवकांच्या दोन रांगा उभ्या राहतात आणि फळी त्या गल्लीतून किनाऱ्याकडे येते. उलटलीच तर हाताच्या अंतरावर कुणीतरी असतं. धोका संपत नाही, पण तो पत्करायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, इतकंच माझं म्हणणं.

आता ‘ढकलतात’. हो, ढकलतो. त्या बाईंच्या फळीला मागून धरणाऱ्यांत मीही होते. त्यांनी तीन लाटा सोडल्या. ‘ही नको’, ‘हीपण नको’, चौथीला म्हणाल्या, ‘आता!’ आमचा धक्का दोन सेकंदांचा. पुढे त्या एकट्या होत्या: पालथ्या, कोपरं फळीत रुतवलेली, हनुवटी वर. फेस तोंडावर येत असताना मान तशी धरून ठेवायला काय ताकद लागते, ते मी त्यांच्या थरथरणाऱ्या खांद्यांवरून पाहिलं. मग त्यांनी डावा खांदा खाली दाबला आणि फळी डावीकडे वळली. ते वळण आमच्यापैकी कुणाचंही नव्हतं.

ही करमणूक नाही, खेळ आहे. अमेरिकेचा सर्फर जेसी बिलॉअर १९९६ मध्ये सतराव्या वर्षी सर्फिंग करताना वाळूच्या बांधावर आपटला आणि त्याची मान मोडली. तो पुन्हा लाटेवर गेला, पालथा. दिव्यांगांच्या सर्फिंगची जागतिक स्पर्धा २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात ला होया इथे सुरू झाली. उभं राहून, गुडघ्यावर, बसून, पालथं असे वेगळे गट, अंधांचे वेगळे. पालथ्यांच्या एका गटात लाटेत शिरायला मदत चालते, पण गुण मिळतात ते लाटेवर काय केलं त्याचे. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या पॅरालिम्पिकसाठी हा खेळ सुचवला गेला होता, पण जून २०२४ मध्ये निवड झाली पॅरा क्लायंबिंगची, म्हणजे दिव्यांगांच्या भिंतीवरच्या चढाईची. मला फार लागलं ते.

राहिला रॅम्प. त्यावर तुमच्याशी वाद घालणार नाही, तुमचा राग खरा आहे. पण ‘आधी रॅम्प, मग समुद्र’ ही रांग मला पटत नाही. मुरलीकांत पेटकर तुमच्याच सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यातलं ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी आणलं. तेव्हा जिल्ह्यातल्या कुठल्या बँकेला रॅम्प होता? आणि वाळूवर अंथरलेली जाळीची चटई हाही रॅम्पच. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हीलचेअरसाठी लाकडी वाट झाली. पुढच्याच महिन्यात मांडूस वादळानं तिची मोडतोड केली. अशा वाटा आपल्याकडे मागायच्या, टिकाऊ मागायच्या, बँकेच्या रॅम्पबरोबरच मागायच्या.

आणि फोटो. नाही दादा, मी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांच्या बहिणीला विचारलं होतं. बाई शेजारीच खुर्चीत, पूर्ण शुद्धीत, आणि मी त्यांच्या डोक्यावरून बोलले. हे तुमच्यासोबत रोज होत असणार. तुमची माफी मागते. त्यांची काल फोनवर मागितली. त्या म्हणाल्या, फोटो राहू दे, पण तू माझा हात धरलेला तो काढ, वळतानाचा टाक. सकाळी बदललाय. त्यात त्या फळीवर आहेत, डावा खांदा खाली, आणि आम्ही सगळे मागे फेसात कुठेतरी.