अहंकार नव्हे, पुण्याची गाडी

‘अंडरग्राउंड मेटल बँड फुटतात ते अहंकारापायी’ हे लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. अहो, अहंकार यायला आधी कुणी ऐकायला तर हवं! आम्ही लातूरला मेटल, म्हणजे जड गिटार आणि सुसाट ड्रमचं रॉक वाजवणारा बँड काढला तेव्हा सराव चालायचा आडत दुकानामागच्या गोदामात. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला अंड्यांचे ट्रे, ड्रमसेट एका ऑर्केस्ट्रावाल्याचा, त्यामुळे लग्नसराईत सराव बंद. चार वर्षांत तीन ड्रमर गेले. एकाला पुण्यात नोकरी लागली, दुसरा एमपीएससीच्या मागे लागला, तिसऱ्याचं लग्न ठरलं. भांडण एकाशीही नाही. डबल पेडल, म्हणजे दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवणारा गावात मुश्किलीने एक सापडतो. तो गेला की सहा महिने मोबाईलवरच्या ड्रमवर काढायचे. मधे बेस गिटारवाल्याला ड्रमवर बसवून पाहिलं, त्याबद्दल न बोललेलं बरं.

आणि माणसं बदलली की बँड संपला, हेही खरं नाही. नेपाम डेथ या इंग्लंडच्या मेटल बँडच्या १९८७ सालच्या ‘स्कम’ या रेकॉर्डच्या दोन बाजू दोन वेगळ्या संचांनी वाजवल्यात, दोन्हीकडे सारखा फक्त ड्रमर मिक हॅरिस. त्यांचा निदान ड्रमर तरी टिकला! लातुरात कुणी असेल तर कळवा, गोदामाची किल्ली अजून माझ्याकडेच आहे.