टेप कुणाकडे आहे?

माझी भाची पुण्यात ख्याल शिकते. मागच्या महिन्यात ती एका कार्यक्रमात सॅक्सोफोनबरोबर यमन गायली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस वादावादी चालली. दादाचं, म्हणजे तिच्या बाबांचं, म्हणणं एकच: अशा भेसळीत आपलं गाणं उरत नाही. पोरीचा रडवेल्या आवाजात मला फोन. "आत्या, मी चुकले का गं?"

केपटाऊनला बसून हा वाद वाचताना मला जॅझ गायिका साथिमा बी बेंजामिन आठवत राहिली. ती याच शहरात वाढली. आजीच्या रेडिओवर लागणारी अमेरिकन गाणी ऐकायची, शब्द वहीत उतरवायची, अशी शिकली. वर्णद्वेषी सरकारच्या दफ्तरी ती 'कलर्ड', म्हणजे मिश्रवंशीय. देश सोडून युरोपात गेली. १९६३ मध्ये झुरिकला अमेरिकन जॅझचा बडा संगीतकार ड्यूक एलिंग्टन याचा कार्यक्रम होता, तेव्हा तिने त्याला गळ घातली की, आमच्या क्लबात येऊन डॉलर ब्रँडचं पियानोवादन ऐकाच. (हा पुढे अब्दुल्ला इब्राहिम झाला, आणि तिचा नवरा.) एलिंग्टन आला, आणि तिलाही गायला लावलं. काही दिवसांत पॅरिसला ब्रँडचं आणि तिचं रेकॉर्डिंग झालं.

ब्रँडची तबकडी वर्षभरात निघाली. तिचं रेकॉर्डिंग बाहेर यायला १९९७ साल उजाडलं. चौतीस वर्षं! टेप हरवली असंच सगळे धरून चालले होते. रेकॉर्डिंग करणाऱ्या इंजिनिअरने एक प्रत जपली होती म्हणून ते गाणं आपल्या कानावर पडतं.

मी ते रात्री ओटा आवरताना लावते. स्वेंड आस्मुसेन या डॅनिश वादकाने व्हायोलिनचा गज बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडल्या आहेत. ती ओळ घाई न करता सोडते, शेवटचा शब्द जवळजवळ श्वासातच विरतो आणि मागे एकेक तार टणकन वाजते. गाणी अमेरिकेची आहेत. तो ठेहराव मात्र तिचाच.

दादाची काळजी मला खोटी वाटत नाही. गुरूसमोर वर्षानुवर्षं बसून जे मिळतं ते सांभाळायलाच हवं. पण आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत, तीही शुद्धतेच्याच नावाने. आज पेटीशिवाय आपली मैफल बसते का? आणि त्याच १९६३ सालात एलिंग्टनचा ताफा मुंबईतही वाजवून गेला. वाद्यं आणि माणसं अशी येत-जात राहणारच.

साथिमाचं नुकसान देवाणघेवाणीने झालं नाही. तिच्या गाण्याचं काय करायचं हे दुसरे ठरवत होते, त्याने झालं. म्हणून तिने १९७९ मध्ये न्यूयॉर्कला स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी काढली. नाव ठेवलं 'एकापा', खोसा भाषेत 'केपमध्ये'. घरापासून हजारो मैलांवर, आणि नाव घराचं! पुढे आपल्यातल्या सगळ्या मिसळलेल्या रक्तांवर तिने स्वतः गाणं लिहिलं. 'भेसळ' हा शब्द मला तेव्हापासून तोंडात घेववत नाही.

भाचीला म्हटलं, "तू चुकली नाहीस. पण मला एक सांग, त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आयोजकांकडे असेल. मी विचारलंच नाही, आत्या."